जटा : लादलेल्या आणि स्वीकारलेल्या

गेल्या नाताळच्या सुट्टींत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं पुण्यास एक पाहुणी आली होती. स्नेह्यांची कन्या अमेरिकेंत अटलांटा शहरीं अध्यापन करिते. तिच्याच शाळेंतील ही आफ्रिकन वंशाची शिक्षिका. मुद्रा प्रसन्न, बोलणें मृदु, आणि मस्तकावर बोटाएवढ्या जाडीच्या, खांद्याखालीं उतरलेल्या शंभराच्या आसपास जटा, रेशमी रुमालानें मागें बांधलेल्या. घरांतील मुलें टकमका पाहूं लागलीं; मोठीं माणसें सभ्यपणानें दुसरीकडे पाहूं लागलीं. परंतु घरांतील आजी, ज्यांचें वय आज नव्वदीच्या घरांत आहे, त्या जागच्या उठल्या, देवघरांतून हळदकुंकवाचा करंडा घेऊन आल्या आणि नातीला हलक्या आवाजांत म्हणाल्या, "हिला देवीनें केव्हां धरलें ग? आणि घरच्यांनीं हिला अशी सोडून कशी दिली?"

या प्रश्नाचें भाषांतर करावें कीं करूं नये, अशा पेंचांत नात पडली. पाहुणीनें आग्रह धरला तेव्हां तिनें भीतभीतच तो सांगितला. पाहुणी हसली नाहीं. ती म्हणाली, "आजींना सांग, मला कोणीं धरलेलें नाहीं. या जटा मीं आपण होऊन धरल्या आहेत, आणि त्याला सात वर्षें लागलीं."

त्या संध्याकाळीं झोपाळ्यावर बसून पाहुणीनें आपल्या केसांची जी हकीकत सांगितली, ती आम्हीं तेथें बसून ऐकिली. केसांसारख्या क्षुल्लक विषयावर एवढें काय बोलावयाचें, असें आरंभीं आमच्याहि मनांत आलें होतें, हें कबूल केलें पाहिजे. उठतांना तसें वाटलें नाहीं. म्हणून तो विषय वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम या जटा होतात कशा, तें पाहूं. आफ्रिकन वंशाच्या बहुतेक माणसांचे केस मुळापासूनच वळणदार असतात. त्वचेच्या आंत ज्या खळग्यांतून केस उगवतो तो खळगाच वांकडा असतो, आणि केस आडवा कापून पाहिला तर तो गोल न दिसतां चपटा, लांबट गोल दिसतो. त्यामुळें तो वाढतांना स्प्रिंगेप्रमाणें वेटोळीं घेत वाढतो. आतां, प्रत्येक मनुष्याचे दररोज सुमारें पन्नास ते शंभर केस गळतात. आपण ते फणीनें काढून टाकतों. परंतु वळणदार केसांच्या बटा पाडून त्यांना पीळ दिला आणि पुढें फणी लावणेंच थांबविलें, म्हणजे गळालेले केस बाहेर न पडतां त्याच बटेंत गुंतून राहतात. लोंकर मळतां मळतां तिचा बुरणूस व्हावा, तसा त्या बटेचा हळूहळू घट्ट दोर बनतो. यालाच तिकडे 'लॉक्स' असें म्हणतात. पूर्वीपासून चालत आलेला शब्द 'ड्रेडलॉक्स' असा आहे. पण त्यांतील 'ड्रेड' म्हणजे भीति किंवा धास्ती. आपल्या केसांना धास्तीचें नांव कां द्यावें, असें म्हणून पुष्कळ स्त्रियांनीं तो अर्धा शब्द टाकून दिला आहे.

हें काम एका दिवसाचें नव्हे. पहिले कांहीं महिने पीळ नुसता नांवाचा. न्हाणें झालें कीं बटा उलगडतात. पुढें बटेच्या मध्यावर गांठीसारखें कांहीं हातास लागूं लागतें. त्यानंतर केसांचें, त्या स्त्रिया म्हणतात तें, 'पौगंडावस्थेचें' पर्व येतें. तेव्हां प्रत्येक बट आपल्या मर्जीनें उभी राहते; कोणी डावीकडे, कोणी उजवीकडे. पुढें दीड-दोन वर्षांनीं जटा आपल्या वजनानें खालीं उतरूं लागतात, तेव्हां त्या 'वयांत आल्या' असें म्हणतात. केस महिन्याला सुमारें सव्वा सेंटिमीटरच वाढतो. तेव्हां घाई करून कांहीं साधत नाहीं. कोणी जाड जटा ठेवतात, तर कोणी अगदीं बारीक. सॅन डिएगो येथील जोॲन कॉर्नवेल या विदुषींनीं १९९३ मध्यें 'सिस्टरलॉक्स' नांवाची बारीक जटांची पद्धत प्रचारांत आणिली. तींत एका मस्तकावर चारशेंहूनहि अधिक जटा असतात.

आपल्याकडे सर्वांस येणारी पहिली शंका स्वच्छतेची. ती आजींनींहि विचारली. पाहुणीनें सांगितलें कीं, ती आठ-पंधरा दिवसांनीं नियमानें डोकें धुते आणि जटा आंतपर्यंत पूर्ण वाळवते. ओल राहिली तर त्यांना कुबट वास येतो. चार ते आठ आठवड्यांनीं मुळाशीं वाढलेल्या नव्या केसांना पुन्हां पीळ द्यावा लागतो. मात्र तो फार घट्ट दिला तर कपाळाकडचे केस कायमचे जाण्याचें भय असतें. रात्रीं मऊ रेशमी रुमाल बांधून निजावें लागतें, कारण सुती उशी केसांतील ओलावा शोषून घेते आणि तिचे तंतु जटांत अडकतात. ही सगळी निगा ऐकून आजी म्हणाल्या, "म्हणजे आमच्या वेणीफणीपेक्षां हिला काम जास्तच!"

परंतु खरी हकीकत पुढेंच आहे. आपले उपजत केस उपजतील तसे ठेवण्यास धैर्य कां लागावें? याचें उत्तर अमेरिकेच्या इतिहासांत आहे. गुलामगिरीच्या काळांत आफ्रिकेंतून आणिलेल्या माणसांचे केस हे त्यांच्या हीनत्वाची खूण म्हणून दाखविले गेले. १७८६ सालीं लुइझियाना प्रांत स्पेनच्या ताब्यांत होता. त्या वेळीं गव्हर्नर मिरो यानें असा हुकूम काढिला कीं, स्वतंत्र असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनींहि बाहेर पडतांना आपले केस फडक्यानें झांकलेच पाहिजेत. त्या स्त्रियांनीं हुकूम पाळला. पण असे रंगीबेरंगी आणि नक्षीदार रुमाल बांधिले कीं, शिक्षेचें फडकें तेंच भूषण होऊन बसलें.

गुलामगिरी १८६५ मध्यें कायद्यानें गेली, तरी 'चांगले केस' म्हणजे सरळ केस, ही समजूत गेली नाहीं. नोकरी, शाळा, प्रार्थनामंदिर, सर्वत्र सरळ केसांचा मान. १८६७ मध्यें जन्मलेल्या सारा ब्रीडलव्ह या स्त्रीनें, ज्यांना जग मॅडम सी. जे. वॉकर या नांवानें ओळखतें, १९०६ च्या सुमारास केसांच्या निगेच्या औषधांचा धंदा सुरू केला आणि हजारों स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभें केलें. त्या उद्योगाविषयीं त्यांच्या समाजांत फार आदर आहे. परंतु त्याच काळांत तापविलेल्या लोखंडी फणीनें केस सरळ करण्याची चालहि घरोघर पक्की झाली. पुढें फणीची जागा दाहक रसायनांनीं घेतली. तीं डोक्यास लाविलीं कीं कातडी चुरचुरते, प्रसंगीं फोड येतात. तरी आया आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलींना तीं लावीत, कारण त्यांना मुलींचें पुढें भलें व्हावें असें वाटे.

या रसायनांची किंमत आतां कळूं लागली आहे. २०२२ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेच्या संशोधकांनीं ३३,४९७ स्त्रियांची दीर्घ पाहणी प्रसिद्ध केली. केस सरळ करणारीं द्रव्यें कधींच न वापरणाऱ्या स्त्रियांत वयाच्या सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचें प्रमाण शेंकडा १·६४ येतें, तर तीं वारंवार वापरणाऱ्यांत तें शेंकडा ४·०५ येतें, असा त्यांचा अंदाज आहे. एवढ्यावरून रसायन हेंच कारण, असें सिद्ध होत नाहीं, हें त्या संशोधकांनाहि मान्य आहे. परंतु विचार करावयास लावणारे हे आंकडे आहेत.

१९६० नंतरच्या दशकांत नागरिक हक्कांच्या चळवळीबरोबर वारें फिरलें. 'काळें तें सुंदर' ही घोषणा निघाली आणि तरुणतरुणी आपले केस प्रभावळीसारखे मोकळे वाढवूं लागले. जटांना दुसरें बळ मिळालें तें जमैका बेटांतून. तेथें १९३० मध्यें इथिओपियाचे सम्राट हाइले सेलासी यांच्या राज्याभिषेकानंतर रास्ताफारी पंथ उदयास आला. बायबलांतील व्रतस्थ पुरुषांप्रमाणें डोक्यास कात्री लावूं नये, अशी या पंथीयांची निष्ठा. येथें आपल्या वाचकांस एक गोष्ट मौजेची वाटेल. १८४५ पासून भारतांतील मजूर करारानें जमैकेंत नेले जात होते. 'गांजा' हा शब्द तिकडच्या बोलींत त्यांच्याबरोबरच गेला. आपल्या साधुबैरागी मंडळींच्या जटांचा संस्कारहि त्या पंथावर झाला असावा, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे.

पुढें नामांकित स्त्रियांनीं या जटा मिरविल्या. १९९३ चें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या कादंबरीकर्त्या टोनी मॉरिसन यांच्या रुपेरी जटा जगानें पाहिल्या. ॲलिस वॉकर या प्रसिद्ध लेखिकेनें १९८७ मध्यें अटलांटा येथील स्पेलमन महाविद्यालयांत मुलींपुढें व्याख्यान दिलें, तें राजकारणावर नव्हे, वाङ्मयावरहि नव्हे, तर स्वतःच्या केसांवर! दडपलेले केस मेंदूच्या वाढीलाच छत घालतात, हा त्या व्याख्यानाच्या मथळ्याचा आशय होता.

मान मिळाला म्हणून अडचण संपली असें मात्र नाहीं. १९८१ मध्यें एका विमानकंपनींतील नोकर स्त्रीनें आपल्या बारीक वेण्यांच्या हक्कासाठीं दावा लाविला, तो ती हरली. वेण्या बदलतां येतात, तेव्हां हा वंशाचा प्रश्न नव्हे, असें न्यायालय म्हणालें. २०१० मध्यें अलाबामा राज्यांतील मोबील शहरीं एका स्त्रीला नोकरी देऊं केली आणि जटा कापण्यास नकार देतांच ती परत घेतली. २०१६ मध्यें अपील न्यायालयानेंहि तिच्याविरुद्धच निकाल दिला. २०१८ च्या डिसेंबरांत न्यू जर्सी राज्यांत सोळा वर्षांच्या एका कुस्तीगीर विद्यार्थ्यास पंचानें सांगितलें कीं, जटा काप, नाहीं तर सामना सोड. भर आखाड्याशेजारीं त्याच्या जटा कात्रीनें उतरविल्या गेल्या. मुलगा तो सामना जिंकला. पण ती चित्रें पाहून सारा देश हळहळला. अमेरिकेच्या भूसैन्यानें स्त्रीसैनिकांस जटा ठेवण्याची मोकळीक दिली ती २०१७ मध्यें. जुलै २०१९ मध्यें कॅलिफोर्नियानें केसांच्या ठेवणीवरून शाळेंत वा नोकरींत भेद करण्यास मनाई करणारा पहिला कायदा केला; त्याला 'क्राउन', म्हणजे मुकुट, असें नांव आहे. पुढें वीसहून अधिक राज्यांनीं तो उचलला. सबंध देशाचा तसा कायदा मार्च २०२२ मध्यें तेथील लोकसभागृहांत संमत झाला. परंतु वरिष्ठ सभागृहांत तो अडला.

कायदे होतात ते कांहीं एकाएकीं होत नाहींत. त्यांच्या मागें असंख्य अनामिक स्त्रियांचें एकमेकींशीं बोलणें असतें, आणि पाहुणीच्या हकीकतींतील आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटलें तें हेंच. तिची आजी दर शनिवारीं रात्रीं स्वयंपाकघरांत शेगडीवर लोखंडी फणी तापवून तिचे केस रविवारच्या प्रार्थनेसाठीं सरळ करी. "कान धर, हलूं नकोस," एवढेंच शब्द. जळक्या केसांचा वास आणि आजीच्या मायेचा स्पर्श, हीं दोन्ही तिच्या स्मरणांत एकत्रच आहेत. तिसाव्या वर्षीं तिनें रसायन सोडलें आणि केस मुळापर्यंत कापून पुन्हां आरंभ केला. आई चार महिने तिच्याशेजारीं प्रार्थनेस बसली नाहीं. "इतकें शिकवलें, तें काय असें दिसण्यासाठीं?" असें आईचें म्हणणें. दुष्टपणा त्यांत नव्हता. मुलीची नोकरी जाईल हें भय होतें.

'पौगंडावस्थेच्या' त्या महिन्यांत ती कात्री हातांत घेऊन दोन वेळां आरशापुढें उभी राहिली. तिला सांवरलें तें तिच्यासारख्याच बायकांनीं. महिन्यांतून एका शनिवारीं दहा-पंधरा जणी एकत्र जमत. प्रत्येकीजवळ वही, तींत दर महिन्याच्या पहिल्या तारखेचें छायाचित्र आणि त्याखालीं त्या महिन्याची हकीकत. कोणीं लिहिलेलें असे, 'सातवा महिना, मुलाखतीला टोपी घालून गेलें, लाज वाटली'. कोणीं लिहिलेलें असे, 'अकरावा महिना, मुलगी म्हणाली, मलाहि तुझ्यासारखे हवेत.' पुढें गेलेली मागून येणारीला वाचून दाखवी. "माझ्या चौदाव्या महिन्याची वही आज दुसरी कोणी तरी वाचीत असेल," पाहुणी म्हणाली. "आपल्यावर जें येतें तें पूर्वीं दुसरीवर येऊन गेलें आहे आणि ती त्यांतून पार पडली आहे, एवढें कळलें कीं कात्री खालीं ठेवतां येते."

हें ऐकतांना आमच्या मनांत आपल्या महाराष्ट्रांतील जट उभी राहिली. आजींच्या प्रश्नांतली जट ती हीच. निगा न राखल्यानें, तेल आणि मळ सांचून एखाद्या मुलीच्या केसांचा गुंता झाला, तर ती देवीची खूण समजून तींत फणी घालावयाची नाहीं, ती धुवावयाची नाहीं, कापावयाची तर मुळींच नाहीं. उलट तींत हळदकुंकू भरावयाचें. अशा किती तरी गरीब मुली, विशेषतः दलित कुटुंबांतील, सौंदत्तीच्या यल्लम्मेला वाहिल्या गेल्या, जोगतिणी झाल्या, आणि त्यांच्या आयुष्याची धूळधाण झाली. कायदे झाले, १९३४ चा मुंबई इलाख्याचा आणि २००५ चा महाराष्ट्राचा. तरी धास्ती कायद्यानें जात नाहीं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनीं १९८९ मध्यें स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजहि घरोघर जाऊन अशा स्त्रियांची समजूत घालतात आणि त्यांच्या संमतीनें जट कापतात. वर्षानुवर्षें मानेवर असलेला भार उतरतो तेव्हां त्या बायका प्रथम काय करतात? मान वळवून पाहतात.

तिकडे कात्री नाकारण्यांत मुक्ति, इकडे कात्री स्वीकारण्यांत मुक्ति! वरवर पाहतां हा विरोध वाटेल. पण दोहोंचें मर्म एकच. केस ठेविले कीं कापले हा प्रश्नच नव्हे. कोणाच्या इच्छेनें, हा प्रश्न आहे.

आणि हें केवळ इतरांच्या घरचें आहे, असें आपणां ब्राह्मण कुटुंबांस म्हणतां येणार नाहीं. आपल्याच घरांत विधवांच्या मस्तकावर वस्तरा फिरत होता. १८९० मध्यें नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेनें मुंबईच्या न्हाव्यांनीं सभा भरवून असें केशवपन करणार नाहीं असा निश्चय केला. म्हणजे जी लाज घरच्यांस वाटावी ती वस्तरा धरणारांस आधीं वाटली. धोंडो केशव कर्वे यांच्या संस्थेसाठीं जन्म वेंचणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांनीं 'माझी कहाणी' या १९२८ च्या आत्मचरित्रांत, केशवपन सोडून केस पुन्हां वाढविण्याचा आपला निर्णय लिहून ठेविला आहे. एका मराठी बाईनें आपल्या केसांची हकीकत दुसरींसाठीं सांगितली, ती अशी.

हें सर्व आम्हीं पाहुणीस सांगत असतां आजी गप्प होत्या. मग एकाएकीं म्हणाल्या, "माझी थोरली आत्या सोवळी होती. तांबडें आलवण नेसे. न्हावी मागल्या दारानें येई आणि आम्हां पोरांना माडीवर धाडीत. एकदां मीं जिन्यावरून पाहिलें. आत्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. पुढें चाळीस वर्षें ती आमच्या घरांत राहिली, आम्हांला न्हाऊंमाखूं घातलें, माझी वेणी रोज तिनेंच घातली. पण त्याविषयीं ती कधीं एक शब्द बोलली नाहीं, आणि आम्हींहि कोणीं विचारलें नाहीं."

नातीनें हें पाहुणीस सांगितलें. ती उठून आजींच्या पायाशीं जाऊन बसली. आजींनीं थोडा वेळ विचार केला, मग थरथरता हात पुढें करून त्या जटांवरून हळूच फिरविला आणि म्हणाल्या, "मऊ आहेत ग. मला वाटलें होतें, टोंचतील."

आमच्या वाचकभगिनींस आणि बंधूंस आमची एवढीच विनंती आहे. आपल्या घरांतहि भिंतीकडे तोंड करून बसलेली एखादी आत्या, मावशी, आजी होऊन गेली असेल. तिची हकीकत ठाऊक असलेलें एखादें वृद्ध माणूस अजून झोपाळ्यावर बसलेलें असेल. त्यांस विचारावें, आणि जें सांगतील तें एका वहींत उतरून ठेवावें. घरांतील मुलींच्या उपयोगी पडेल.